हा वाटा कुणाचा?

टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. उंची पाच फूट एक इंच, त्यातला एक इंच टोपीचा. पण जगातली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग कशी चालवावी, हे त्या लीगच्या कमिशनरला दरवर्षी पत्रानं कळवणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच होता, आणि मी त्याच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. आता आम्ही कॅल्गरीला आलो, घर घेतलं. इथला घरमालक मीच, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. त्या घरमालकांबद्दल मात्र सांगतो. सगळं खरं आहे. जिथे थोडं फुगवलंय, तिथे तर जास्तच खरं आहे.

हे काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. ओळख करून देताना म्हणत, "आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून आम्ही मराठीत भांडतोय." मग मुंबई, मग टोरोंटो, मग चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तीस वर्षं. त्यामुळे माणसाकडे बघताना ते एक डोळा मिटत. समोरच्याला वाटे, आपला नंबर काढतायत.

घर बघायला गेलो तेव्हा भाडं, डिपॉझिट काही बोलले नाहीत. म्हणाले, "नागपूरकर, एकच अट. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्याकडे टीव्ही बंद. पण मॅच चालू असते. मी ती नंतर रेकॉर्डिंग लावून बघतो. तोवर मला स्कोअर कळला, तर तुझं सामान ड्राइव्हवेवर."

मला वाटलं, सोपं आहे. पण त्या घरात हीटिंगचा व्हेंट होता. वरच्या डायनिंग टेबलाखालून निघून तो सरळ आमच्या बेसमेंटच्या छतात उघडायचा. वर कोणी पापड मोडला तर खाली आम्हाला तो उडदाचा की तांदळाचा हे कळे. म्हणून दर शुक्रवारी काका व्हेंटच्या जाळीवर टॉवेलची घडी ठेवत आणि मी खाली आवाज बंद करून मॅच बघे. एका शनिवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आलो. रात्री आपली टीम हरली होती. काका समोरून आले, एक डोळा मिटला आणि ओरडले, "तोंड फिरव! तोंड फिरव! तुझ्या चेहऱ्यावर स्कोअर आहे!"

तेव्हापासून शनिवारी मी परक्या माणसाच्या मयताला आल्यासारखा चेहरा ठेवू लागलो. सुखही नाही, दुःखही नाही. बायकोनं दोनदा ताप बघितला.

बर्फ पडलं की काकांना खरा चेव चढे. ड्राइव्हवे शोव्हल करायला आम्ही तिघं होतो. काका, मी आणि वरच्या खोलीत राहणारा जाफन्याचा तमिळ मास्तर. तो शाळेत गणित शिकवायचा. दुसऱ्या कुठल्याही घरात तिघांनी फावडी घेतली असती आणि दहा मिनिटांत काम उरकलं असतं. इथे आधी मापाची टेप यायची. ड्राइव्हवेचे तीन वाटे पडायचे. रस्त्याकडचा वाटा अरुंद, कारण रस्त्यावरचं बर्फ लोटणारा सरकारी प्लाऊ तिथे दगडासारख्या बर्फाची भिंत घालून जातो. गॅरेजकडचा रुंद, कारण तिथलं बर्फ कापसासारखं. मग तिघांतला एक जण पाठ फिरवून उभा राही. दुसरा फावडं एका वाट्यावर टेकवून विचारी, "हा वाटा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेई. ते नाव म्हणजे ब्रह्मवाक्य. एवढं होईस्तोवर आणखी चार इंच बर्फ पडलेलं असे, मग टेप पुन्हा निघे. एकदा तर आम्ही वाटे घालत असतानाच वसंत ऋतू आला.

"हसतोस काय?" काका म्हणत. "आमच्या गावी होडी लागली की वाळूवर माशांचे वाटे असेच पडायचे. वाटा घालणाऱ्याला ठाऊक नसतं की आपल्याला कुठला येणार. मग तो लबाडी करेल का? कुठल्याही वाट्यात लबाडी केली तर तीच त्याच्या बोकांडी बसायची. आमच्या वाट्यात कोळंबी आली तर ती आम्हाला खायची नाही, ती शेजारी जायची आणि तिकडून दोन पापलेटं यायची. पण वाट्याबद्दल भांडण? कधी नाही. एवढी अक्कल वाळूवर होती, आणि इकडे बघ, सूट घातलेल्या माणसांना नाही."

सूट घातलेली माणसं म्हणजे लीगवाली. भानगड अशी की, दरवर्षी कॉलेजांतली नवी तयार पोरं मोठ्या लीगमध्ये येतात आणि संघ एकेक करून ती उचलतात. पहिलं पोरगं कोणी उचलायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं; पण जो संघ जास्त हरला त्याचं चिठ्ठीत वजन जास्त. हेतू चांगला, दुबळ्याला आधार. पण मग हंगामाच्या शेवटी दुबळे संघ आणखी दुबळे व्हायची शर्यत लावतात. चांगला खेळाडू धडधाकट असतो आणि त्याला म्हणे "विश्रांती" देतात.

"हरणाऱ्याला बक्षीस ठेवलं की हरणं हा धंदा होतो," हे काकांचं वाक्य. ते दाराच्या पाटीवर कोरलेलं नव्हतं इतकंच.

त्यांची पत्रं 'रिस्पेक्टेड सर' नं सुरू होत. त्यांत योजना अशी: साठ पोरं, तीस संघ, म्हणून दोघांचा एक असे तीस वाटे. पहिल्या नंबराच्या पोराबरोबर साठावा, आणि तरी पारडं जड वाटलं तर सोबत गुडघा गेलेला एखादा जुना खेळाडू. वाटे तीसही मॅनेजरांनी एकत्र बसून घालायचे. "आणि कमिशनरसाहेबांनी," हे शेवटचं कलम मी स्वतः टाइप केलंय, "फक्त पाठ करून उभं राहावं. वयोमानानुसार खुर्ची चालेल."

उत्तर कधीच आलं नाही. मध्यंतरी लीगनं चिठ्ठ्यांचं वजन बदललं आणि तळाच्या तिघांना सारखीच संधी दिली, तेव्हा काका दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अर्धंच केलं रे. दुसरं पान स्टेपलमधून निघालं असणार."

आता माझ्या मुलीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. वर्गात सगळ्यांत बुटकी. पहिले सहा महिने ती शाळेतून येई आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. मग काकांनीच तिला रविवारच्या लीगमध्ये नेलं. शाळेचं जिम भाड्यानं घेऊन आपल्याच भागातले आईबाप ही लीग चालवायचे. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार संघ, प्रत्येकात आठ पोरंपोरी. तिथून आली की ती जेवतानाही बोलायची. इंग्रजीत, पण बोलायची. आठवड्यातला तो एक दिवस तिचा होता.

निवडीची रीत मात्र आमच्या शहाण्यांनी मोठ्या लीगची उचललेली. शेवटी आलेल्या संघाला पुढच्या हंगामात पहिली निवड. पोरं बाकावर बसायची आणि कोच एकेकाचं नाव पुकारायचे. पहिल्या वर्षी एकतीस नावं झाली आणि बाकावर माझी एकटी राहिली. पिवळ्यांचा कोच, म्हणजे बँकेत मॅनेजर असलेले पुण्याचे एक गृहस्थ, तिचं नावसुद्धा न घेता "ओके देन" म्हणाले. ती उठून त्यांच्यामागे गेली. तरीही खेळायला जात राहिली. हंगामभर मिळून ती मैदानावर किती होती म्हणाल, तर एक अंडं उकडायला लागतं तेवढा वेळ.

हंगामाचा शेवटचा सामना पिवळे विरुद्ध हिरवे, म्हणजे तळाचे दोघं. आणि पुढच्या हंगामात एक नवा पोरगा येणार होता. तेराव्या वर्षी सहा फूट दोन इंच. तो जिममध्ये आला तेव्हा छताच्या पंख्यांनी अंग चोरलं, असं म्हणतात. जो हरेल, त्याला तो मिळणार.

असा सामना मी पुन्हा बघणार नाही. बँकवाल्यांच्या दोन्ही चांगल्या पोरांच्या पोटात एकदम दुखू लागलं. हिरव्यांचा कोच गुजराती डेंटिस्ट. त्यांचा हुकमी पोरगा बुटाची नाडी बांधायला बसला तो पाव तास बांधतच होता. चेंडू हातात आला की पोरं तो गरम बटाट्यासारखी समोरच्याला देत. "अरे, पास कर, पास कर!" डेंटिस्ट ओरडत होते, आणि शप्पथ सांगतो, हात समोरच्या संघाकडे करत होते. मास्तर निळ्यांचा कोच, तो माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "सर, धिस इज अ वेरी इंटरेस्टिंग प्रॉब्लेम."

अकरा-अकरा अशी बरोबरी. दोन मिनिटं उरली. आणि बँकवाल्यांनी बाकाच्या टोकाला बघितलं. माझ्या मुलीला बोट केलं.

बायकोनं माझा हात असा दाबला की लग्नाची अंगठी वाकडी झाली. पोरगी धावत गेली. तिला एकटीला वाटत होतं की सामना चालू आहे. तिनं हिरव्यांच्या कॅप्टनच्या हातातून चेंडू काढून घेतला, अख्खं मैदान ओलांडलं आणि टाकला. जाळीतून चेंडू खाली पडला तेव्हा शेवटची शिट्टी वाजली. पिवळे जिंकले. तिनं दोन्ही हात वर केले आणि आपल्या बाकाकडे वळली.

बँकवाले डोकं धरून बसले होते. "अगं, काय केलंस हे!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तिचे हात हळूहळू खाली आले. सगळ्या जिममध्ये एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. पाच फूट एक इंच.

गाडीत तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "ही पुट मी इन टू लूज, बाबा. बिकॉज आय'म द वर्स्ट." आणि घरी पोचल्यावर, "आय'म डन." बूट घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे टाकले आणि दार लावून घेतलं.

दोन महिने गेले. शाळा ते खोली, खोली ते शाळा. रविवारी भिंतीकडे तोंड. रोज मी ऑफिसातून आलो की बायको हळूच विचारायची, "काही बोलली?" मी विचारायचो, "काही बोलली?" मग आम्ही दोघं तिचं ताट झाकून ठेवून जेवायचो.

एका संध्याकाळी मी काकांना सांगितलं. एरवी ह्या माणसानं कोटी केल्याशिवाय मीठसुद्धा मागितलं नसतं. त्या दिवशी त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हरणाऱ्याला बक्षीस ठेवलं, की हरवायला एक माणूस लागतो," ते म्हणाले. "ह्या वेळी तुझी पोरगी लागली. बस झालं."

पुढच्या कोचांच्या मीटिंगला ते बिनबोलावता गेले. वाट्यांची योजना मांडली. लाल संघाच्या कोच असलेल्या बाई आणि मास्तर लगेच तयार झाले. दोघांचे संघ वरच्या नंबरांचे, उंच पोरगा एरवी त्यांना दिसायचासुद्धा नाही. बँकवाले जिंकून बसले होते, त्यांचीही पहिली निवड गेलेली, त्यामुळे त्यांना एकाएकी न्यायाची आवड लागली. राहिले डेंटिस्ट.

"रूल चेंज करना है तो नेक्स्ट इयर से," ते म्हणाले. "हम तो मेहनत से हारे हैं!"

"डॉक्टरसाब," काका म्हणाले, "जिम का परमिट किसके नाम पे है?"

परमिट काकांच्या नावावर होतं. अर्ज करायला रांगेत उभं राहायची तयारी इतकी वर्षं दुसऱ्या कोणाचीच नव्हती. डेंटिस्टनी कवळी बसवताना माणूस गिळतो तसा आवंढा गिळला आणि हो म्हणाले.

"पण काका," मी घरी येताना म्हणालो, "ती खेळणार नाही म्हणते. तिचं नाव..."

"नाव मी घातलंय. काढायचं असेल तर तिनं स्वतः वर येऊन माझ्या टेबलावरून चिठ्ठी उचलावी. बापानं मधे पडायचं नाही."

रविवारी दुपारी काकांच्या डायनिंग टेबलावर बत्तीस चिठ्ठ्या. चौघं कोच खुर्च्यांवर, मी चहाच्या नावाखाली दाराशी. बघतो तो काकांच्या खांद्यावर टॉवेलची घडी, आणि टेबलाखाली व्हेंट सताड उघडा.  खाली पोरगी होती. आता हे लोक पोरांची वजनं करणार, आणि एकेक शब्द तिच्या डोक्यावर पडणार. मी काकांना खुणा केल्या. टॉवेल दाखवला, जमीन दाखवली. काकांनी एक डोळा मिटला आणि दुसरीकडे बघितलं.

पहिल्या तासात वाटे तीनदा घालून मोडले. उंच पोरगा ज्या वाट्यात, तो भारी. मग बाकीचे कच्चे घाला. डेंटिस्टनी बरोब्बर माझ्या मुलीची चिठ्ठी उचलली. "ये छोटीवाली लंबू के साथ डालो. वजन बराबर."

मी किटली घट्ट धरली.

"अहो, असं कसं?" बँकवाले उसळले. "ही काय पासंगाला लावायची पोरगी आहे? तुमच्या कॅप्टनच्या हातातून चेंडू काढला तिनं!"

"फ्लूक था!"

"एक्स्क्यूज मी," मास्तर म्हणाला, आणि खिशातून वही काढली. "ऑल सीझन आय वॉच्ड, प्रॅक्टिस ऑल्सो. वेन द बॉल इज लॉस्ट, हू रन्स बॅक इन येलो? ओन्ली शी."

लाल संघाच्या बाई म्हणाल्या, "माझी पोरं तर एकत्र प्रॅक्टिसमध्ये तिला घाबरतात. ती चिकटते हो, गोचिडीसारखी!"

आणि मग जे जुंपलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. कोणीही प्रेमानं बोलत नव्हतं, बरं का. प्रत्येकाला धास्ती ही, की उंच पोरगा अधिक ही, असा वाटा पडला आणि नेमका दुसऱ्याला गेला तर? म्हणून चौघंही जीव तोडून तिचं खरं वजन काढत होते. तिचा डावा हात, तिची चाल, पडल्यावर किती पटकन उठते ते. माझ्या लग्नाच्या बोलणीत माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. चहा तीनदा गार झाला. शेवटी डेंटिस्टच ओरडले, "ठीक है बाबा, ठीक है! लंबू के साथ ये नहीं! भारी हो जाता है!"

"काय म्हणालात?" काकांनी कानाला हात लावला. "जरा जोरात बोला. मला ऐकू कमी येतं."

त्यांना मुंगीची पावलं ऐकू यायची.

"उसके साथ ये लडकी डाली तो वाटा भारी हो जाता है!" डेंटिस्टनी छत हलवलं.

चार वाटे पडले. काका फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरनं वाट्यावर बोट ठेवलं. "हा वाटा कुणाचा?" तेवढं मराठी त्याला बर्फानं शिकवलं होतं. "लाल!" "हा वाटा कुणाचा?" तो उंच पोराचा होता. "हिरवा!" डेंटिस्टनी खुर्चीवरच गरबा केला. मग पिवळा. माझी मुलगी शेवटच्या वाट्यात, निळ्यांकडे, आणखी सात जणांबरोबर. कोणी एकटं बाकावर उरलं नाही. बाकच नव्हता.

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली.

पोरगी वर आली. पायात नुसते मोजे, डोळे लाल, केस विस्कटलेले. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ टेबलाशी गेली.  काका फ्रिजकडून वळले आणि खुर्चीला धरून उभे राहिले. त्यांचाही रंग उडालेला मी बघितला. मला वाटलं, संपलं. आता चिठ्ठी उचलणार.

तिनं चिठ्ठी उचलली. तिची नव्हे. उंच पोराची.

"धिस इज रॉंग," ती म्हणाली. "ही इज इन माय क्लास. ही कान्ट गो लेफ्ट. लाइक, ॲट ऑल. तुम्ही त्याला टू मच धरलंय."

डेंटिस्टचा गरबा जागच्या जागी थांबला. "लेफ्ट नहीं जाता? बिलकुल नहीं?"

"अंकल, ही फॉल्स डाउन."

"वाटे फिरसे डालो!" डेंटिस्ट ओरडले. "बिलकुल नाही!" बँकवाले ओरडले. मास्तर वहीत काहीतरी खोडू लागला. लाल संघाच्या बाई टेबल ठोकून हसत होत्या. काकांनी स्वतःची खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली. "बस, बारके. अजून कोणाचं वजन चुकलंय, ते सांग ह्यांना." आणि ती बसली, बाह्या वर केल्या आणि चौघांना एकदम उत्तरं देऊ लागली, अर्धी इंग्रजीत, अर्धी चक्क नागपुरीत.

मला खाली जाऊन बायकोला सांगायचं होतं. पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनही वरचं सगळं ऐकू येत होतं, म्हणून तिथेच बसलो. किटली मांडीवर. बायको खालून जिन्याशी आली.

"अहो, वर कोण भांडतंय एवढं?"

"आपली."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी."

 ती पायऱ्या चढून वर आली, मला जरा सरकवलं आणि माझ्या शेजारी बसली.